गावात उतरलेलं बिऱ्हाड : बाहेरून आलेल्या कुटुंबाला स्थिरावायला मदत करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी

दसऱ्याच्या मागंपुढं पऱ्हाटीला (कपाशीला) बोंडं फुटायला लागतात आणि बैतूल, छिंदवाड्याकडून, मेळघाटातून वेचाईला माणसं उतरू लागतात. पुढं जिनिंग (कापसातली सरकी काढणं) सुरू होतं, मग वीटभट्ट्या लागतात, तिथं छत्तीसगडची कुटुंबं येतात. बरीच बिऱ्हाडं होळीपर्यंत किंवा पावसाच्या तोंडावर परत फिरतात. काही मात्र इथंच राहतात, पोरं इथल्या शाळेत जातात, आणि दोन-तीन वर्षांत ते घर गावाचं होतं.

परक्या ठिकाणाहून आलेल्यांना वसवणं विदर्भाला नवं नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात नोरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. गडचिरोलीत चामोर्शी, मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावंच्या गावं आहेत. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून उठवलेली कोरकू गावं अकोट, तेल्हारा तालुक्यांच्या सपाटीवर आली. त्यांच्या पाठीशी निदान सरकारी ठराव, नकाशा आणि यादी होती. आज एखाद्या वावरातल्या टिनाच्या खोलीत उतरलेल्या पाच माणसांच्या घराची यादी कुणाकडेच नसते. हे मार्गदर्शन त्या घरासाठी धावपळ करणाऱ्या गावातल्या चार-सहा जणांसाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. राशन असो, शाळा असो की दवाखाना, प्रत्येक कामात त्या कुटुंबाची गावातल्या एका माणसाशी थेट, नावानिशी ओळख करून द्यायची आहे. स्वयंसेवक स्वतःच सगळीकडे फॉर्म घेऊन पळत राहिला, तर तो गावाला गेला त्या आठवड्यात घर पुन्हा अडतं. तीन महिन्यांनी त्या घरातली बाई एकटी राशन दुकानात जाऊन धान्य घेऊन आली, तर तुमचं काम नीट झालं.

बिऱ्हाड येण्याआधी

पाच-सहा जण पुरतात, पण त्यात निदान दोन बायका हव्यातच. दिवसभर माणसं वावरात असतात, संध्याकाळी घरात बाई स्वयंपाकाला लागलेली असते. तिच्याशी पुरुष स्वयंसेवक मोकळं बोलू शकत नाही, आणि आजारपण, बाळंतपण, पोरांचं खाणं या सगळ्या गोष्टी तिच्याकडूनच कळतात. बचत गटातली एखादी ताई आणि हिंदी बरी बोलणारी एखादी कॉलेजची पोरगी, ही जोडी उत्तम.

मग चार ठिकाणी आधीच जाऊन यायचं. ज्याच्या वावरात किंवा भट्टीवर कुटुंब उतरणार आहे त्या मालकाकडे, कारण त्याला डावलून केलेली मदत दुसऱ्याच दिवशी बंद पडते. पोलीस पाटलांकडे, म्हणजे नवी माणसं कोण याची चौकशी गावात कुजबुजीनं न होता नीट नोंदीनं होते. ग्रामसेवकांकडे, पाणी कुठल्या नळावर भरायचं हे ठरवायला. आणि आशाताईकडे. अंगणवाडी आणि शाळा दोन दिवसांनी चालेल.

पाण्याचा मुद्दा आधी सोडवा असं मुद्दाम सांगतो. नव्या घराचं आणि गावाचं पहिलं भांडण जवळपास नेहमी बोरिंगवर किंवा नळावर होतं. नळ किती वाजता येतो, रांग कशी लागते, कोणत्या नळावर कपडे धुवायचे नाहीत, हे नव्या बाईला कुणी सांगितलेलंच नसतं. शेजारच्या एका घरच्या बाईनं पहिले चार दिवस तिला सोबत घेऊन जावं. एवढ्यानं निम्मा ताप वाचतो.

पहिली संध्याकाळ

टेम्पो बहुतेक दिवस मावळताना येतो. तेव्हा फॉर्म, फोटो, भाषण काही नको. चूल पेटली पाहिजे, पाणी असलं पाहिजे आणि रात्री निर्धास्त झोपता आलं पाहिजे.

दोन मोठी आणि तीन लहान माणसं धरून पंधरा दिवसांचा शिधा असा लागतो : तांदूळ १५ किलो, कणीक किंवा ज्वारीचं पीठ १२ किलो, तूरडाळ ३ किलो, तेल २ लिटर, मीठ १ किलो, तिखट अर्धा किलो, हळद १०० ग्रॅम, साखर २ किलो, चहापत्ती पाव किलो, कांदे-बटाटे ५ किलो. तांदूळ जास्त की पीठ जास्त, हे आधी फोनवर विचारून घ्या. छत्तीसगडच्या घराला भात लागतो, त्यांच्याकडे गव्हाचं पीठ पडून राहतं. भांड्यांत दोन गंज (पातेली), तवा, कोपर (परात), पाच ताटं, झाकणाचा माठ आणि लांब दांड्याचं ओगराळं. ओगराळं विसरू नका, माठात हात बुडवून पाणी काढलं की पोरांची हगवण सुरू होते.

पिण्याला, स्वयंपाकाला आणि हातपाय धुवायला माणशी रोजचं निदान १५ ते २० लिटर पाणी धरा. पाच माणसांना १०० लिटर, म्हणजे ५० लिटरचे झाकणाचे दोन ड्रम. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा पाण्याला कधीच देऊ नका. तो कितीही वेळा धुतला तरी नाही. वावरातल्या खोलीत हे डबे कोपऱ्यात पडलेले असतात आणि नव्या माणसाला त्यात काय होतं ते माहीत नसतं. लेबल इंग्रजीत, तेही फाटलेलं. कुटुंब आत जायच्या आधी खोलीतून औषधं, डबे, फवारणीचा पंप, खताच्या गोण्या सगळं बाहेर काढून मालकाच्या ताब्यात द्या. भिंतीला, फरशीला औषध सांडलेलं असेल तर ती खोली पोरांच्या झोपायला वापरू नका.

आता झोपण्याची व्यवस्था. जमिनीवर झोपणाऱ्याला रात्री मण्यार चावते. दुखत फारसं नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे पोटदुखीचं औषध देत बसतात. म्हणून निदान एक बाज आणि सगळ्यांना पुरतील अशा मच्छरदाण्या द्या, त्यांच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचलेल्या हव्यात. धान्य आणि सरपण झोपायच्या जागेपासून लांब ठेवा, कारण उंदीर आले की मागं साप येतो. एक टॉर्च द्या. साप चावला तर चिरा देणं नाही, आवळून बांधणं नाही, मांत्रिक नाही. चावलेला हात किंवा पाय हलवू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करायचा. सापाच्या विषावरचं इंजेक्शन असलेलं जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं, ते त्याच रात्री सांगून ठेवा.

मार्चनंतर टिनाची खोली भट्टीसारखी तापते. पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुपारी आत बाळ झोपवणं धोक्याचं आहे. टिनावर तुराट्यांचा (तुरीच्या वाळल्या काड्यांचा) चार-सहा इंचांचा थर आणि वर जुनी पोती टाकली की फरक पडतो, पण मग चूल त्या छपराखाली ठेवायची नाही, दहा-बारा पावलं दूर मांडायची. वाळलेल्या तुराटीला ठिणगी पुरते. शेजारी कापसाची गंजी असेल तर आणखी दूर. पावसाळ्यात राहणाऱ्या घराभोवती मृगाच्या आधी फूटभर रुंद, वीतभर खोल नाली खणून तिचा उतार धुऱ्याकडे (बांधाकडे) काढून द्या. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, ते सरळ चुलीत शिरतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची बैठक

एक दोनशे पानी वही घ्या, घरटी दोन पानं. घरात कोण कोण, वय, कुठल्या गावाहून आले, कोणती भाषा बोलतात, कामावर कुणी आणलं, किती दिवस राहणार, कुणी आजारी किंवा पोटुशी आहे का, औषध चालू आहे का. बस्स. जात, धर्म, कर्ज किती, घर का सोडलं, हे पहिल्या भेटीत विचारू नका. सांगायचं असेल तेव्हा ते सांगतील.

आधी त्यांनाच विचारा की पहिलं काय हवं. बरेचदा उत्तर आपल्या यादीत नसतं. कुणाला फोन चार्ज करायला जागा हवी असते, कुणाला फक्त दळण कुठं मिळतं ते हवं असतं.

बोलताना ‘तुम्ही’ म्हणा. गावात मजुराला अरे-तुरे करायची सवय आहे, वयानं मोठ्या माणसालाही. स्वयंसेवकानं भर चौकात ‘काकाजी, तुम्ही बसा’ म्हटलं की हळूहळू गावही सुधारतं. त्यांनी तुम्हाला साहेब म्हटलं तर ‘भाऊ म्हणा, ताई म्हणा’ असं लगेच सांगा.

मग कागद. आधार कार्ड, राशन कार्ड, बाळाचं माता-बाल संरक्षण कार्ड, बँक पासबुक. ते जवळ आहेत, गावी राहिले, की मुकादमानं (मजूर आणणाऱ्या ठेकेदारानं) ठेवून घेतलेत? हा शेवटचा प्रश्न एकट्यात विचारा. मूळ कागद मुकादमाकडे असतील तर ते मालकाच्या समोर परत मागायचे. तो देत नसेल तर पोलीस पाटील आणि तहसीलदार. कागद अडकवून माणसाला कामावर बांधून ठेवणं वेठबिगारीत मोडू शकतं, आणि वेठबिगारीवर १९७६ पासून कायद्यानं बंदी आहे.

स्वयंसेवकानं मूळ कागद स्वतःकडे एक रात्रही ठेवू नये. झेरॉक्स काढा, मूळ कागद झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून घरातल्या बाईच्या हाती द्या. फोनवर आधारचे फोटो काढून गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं तर अजिबात नको.

नावाकडे बारकाईनं बघा, पुढचे सगळे घोळ इथून सुरू होतात. आपल्याकडे आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम. मध्य प्रदेशातल्या आधारवर बहुतेक नुसतं ‘सुनीता कास्दे’. आपला लेखनिक सवयीनं ‘कास्देकर सुनीता रामलाल’ लिहून मोकळा होतो, कारण मेळघाटातले तेच आडनाव ‘कास्देकर’ असं लावतात. मग शाळेतलं नाव आणि आधारचं नाव जुळत नाही, शिष्यवृत्ती अडते, बँक खातं अडतं. नियम एकच : आधारवर जसं आहे तसंच, त्याच क्रमानं, सगळीकडे.

राशन

हे सगळ्यात लवकर फळ देणारं काम आहे. ‘एक देश एक राशन कार्ड’ योजनेत दुसऱ्या राज्यातल्या कार्डावर इथल्या कुठल्याही राशन दुकानात धान्य मिळतं. नवं कार्ड लागत नाही. दुकानात कार्ड नंबर किंवा आधार नंबर सांगायचा, ई-पॉस मशीनवर अंगठा द्यायचा. अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो धान्य आहे, आणि २०२३ पासून ते फुकट आहे. त्या त्या राज्याच्या स्वतःच्या जादा योजनेतली साखर, चणा वगैरे मात्र इथं मिळत नाही, हे आधीच सांगा म्हणजे दुकानदाराशी वाद होत नाही.

पहिल्या वेळी स्वयंसेवक सोबत असावाच. अडचणी ठरलेल्या आहेत.

दुकानदार म्हणतो, ‘बाहेरच्यांना नाही.’ त्याला शांतपणे मशीनवर नंबर टाकून बघायला सांगा. तरी नकार आला तर तहसीलमधल्या पुरवठा निरीक्षकाला फोन, नाहीतर १४४४५ किंवा १९६७ वर तक्रार. दुकानदाराची खरी भीती असते की गावाचा कोटा कमी पडेल. म्हणून महिन्याच्या अखेरीस न जाता पहिल्या दहा दिवसांत जा, आणि किती बाहेरची कार्डं आहेत ते त्याला आधी सांगा.

मशीन म्हणतं, या महिन्याचं धान्य उचललं गेलंय. गावी राहिलेल्या आजीनं सगळ्यांचं धान्य घेतलेलं असतं. यात कुणाची चूक नाही. फोन करून वाटणी ठरवा : तिथं आजीनं आपल्यापुरतं घ्यावं, बाकीच्यांचं इथं. तशी विभागून उचल चालते.

अंगठा लागत नाही. वेचाई करणाऱ्यांची आणि विटा थापणाऱ्यांची बोटं झिजलेली, चिरलेली असतात. हात साबणानं धुवून, थोडं खोबरेल चोळून, कोरडे पुसून दुसरं बोट लावून बघा. नव्या मशीनवर डोळ्याचं स्कॅनर असतं, ते मागा. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीनंही काम होतं. आणि कार्डातल्या एखाद्याची ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिली असेल तर त्याचं नाव गळतं, तेव्हा पहिल्याच फेरीत सगळ्यांना मशीनसमोर उभं करा.

सरपणाचा त्रास असेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर फक्त ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. उज्ज्वला जोडणीलाही स्थलांतरित कुटुंबाला पत्त्यासाठी स्वयंघोषणापत्र चालतं.

अंगणवाडी, आशाताई, दवाखाना

अंगणवाडीत सहा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणारी आई यांना आहार मिळतो. त्या गावची रहिवासी असण्याची अट नाही. आधीच्या अंगणवाडीत नाव असेल तर सेविका पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी अॅपवर) ते इकडे वळवून घेऊ शकते. खोली गावापासून लांब असली तर घरपोच आहाराचं पाकीट कधी आणि कोण आणून देणार, ते ठरवून घ्या. ‘येऊन घेऊन जा’ म्हटलं तर वेचाईच्या दिवसांत कुणी येत नाही.

लसीचं कार्ड हरवलं असेल तरी नर्सताई वयाप्रमाणे लसी सुरू करते. कार्ड गावाहून येईपर्यंत थांबू नका. पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) ६, १० आणि १४ आठवड्यांना, गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत. लसीकरणाचा दिवस गावात ठरलेला असतो, तो बाजाराच्या दिवसाशी जोडून सांगा.

तीन आजार पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या, कारण तिथं खंड पडला तर माणूस हातचा जातो.

पहिला क्षयरोग. औषधं सुरू असलेला माणूस कामाला निघतो तेव्हा सोबत पंधरा दिवसांच्या गोळ्या असतात. त्या संपल्या की बरं वाटतंय म्हणून सोडून देतो, आणि आजार औषधाला न जुमानणारा होऊन परत येतो. निक्षय नंबर (क्षयरोग्याच्या सरकारी नोंदीचा नंबर) विचारा, नसेल तर जुन्या दवाखान्याची चिठ्ठी. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या नंबरावर उपचार इकडे वळवता येतात. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी मागा.

दुसरा सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. पूर्व विदर्भात, मेळघाटात आणि शेजारच्या राज्यांत तो बराच आहे. पोरगं वारंवार हातपाय दुखतात म्हणतं, डोळे पिवळे दिसतात, सतत थकलेलं असतं, तर रक्ताची साधी तपासणी करून घ्या. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. ज्याला आजार आहे त्यानं पाणी भरपूर प्यावं, पहाटेच्या थंडीत दवातल्या वेचाईला आणि भट्टीच्या तोंडाशी कामाला जाऊ नये. हे मालकालाही समजावून सांगावं लागतं, कारण त्याला ते अंगचोरपण वाटतं.

तिसरं म्हणजे थंडी वाजून येणारा ताप. गडचिरोलीत, जंगलपट्टीत आशाताईकडून त्याच दिवशी बोटातलं रक्त तपासून घ्या.

गरोदर बाईची नोंद आशाताईकडे लगेच करा आणि बाळंतपण कुठं करणार ते तिला विचारा. आठव्या महिन्यात माहेरी निघणार असेल तर तिच्या कार्डावर सगळ्या तपासण्या लिहिलेल्या हव्यात. इथंच होणार असेल तर गाडीसाठी १०२ नंबर, आणि रात्री खोलीपर्यंत गाडी येईल का हे आधी पाहून ठेवा. पांदण रस्त्यावर गाडी फसते. कोणत्या धुऱ्यापर्यंत ती येईल आणि तिथपर्यंत बाईला कशावर न्यायचं, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे.

शाळा

शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला वर्षात कधीही प्रवेश मिळतो. शाळा सोडल्याचा दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयानुसार वर्ग द्यायचा आणि मागं पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, असं कायदा म्हणतो. नऊ-दहा वर्षांच्या पोराला पहिलीत बसवू देऊ नका. ते आठ दिवसांत शाळा सोडतं, लाजेनं.

मुख्याध्यापकांना भेटताना ‘कायदा असं म्हणतो’ इथून सुरुवात करू नका. बालरक्षक शिक्षक कोण ते विचारा, शाळाबाह्य मुलांचं काम त्यांच्याकडे दिलेलं असतं. त्यांना घेऊन मुलाच्या घरी जा. मुलगा मेळघाटासारख्या राज्यातल्याच भागातून आला असेल तर जुन्या शाळेनं शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला पुढच्या शाळेत दाखवायचं कार्ड) दिलंय का पाहा.

पुस्तकं आणि गणवेश जूनमधल्या पटावर येतात, नोव्हेंबरात आलेल्या पोराला उरत नाहीत. केंद्रप्रमुखांकडे शेजारच्या शाळांतले शिल्लक संच असतात, मागितले की मिळतात. गणवेशाचं गावानं बघावं. एकट्या पोराचा सदरा वेगळा दिसला तर वर्गात ते ठळक दिसतं.

प्रवेश झाला तरी दहा-बारा वर्षांची पोरगी येत नसेल तर तिच्या काखेत बाळ आहे का बघा. आईबाप वावरात आणि धाकटं तिच्याकडे. तिला शाळेत आणायचं तर आधी धाकट्याला अंगणवाडीत पाठवावं लागतं, आणि अंगणवाडी शाळेच्या आधी सुटत असेल तर मधल्या दोन तासांसाठी शेजारची एखादी आजी शोधावी लागते. ही खटपट एकाच घरासाठी असली तरी करा.

हिंदीतून शिकलेल्या पोरांना लिपीची भीती नसते, ‘ळ’ आणि आपली ‘ल’, ‘श’ची वळणं आठवड्यात जमतात. अडतं ते अंकांच्या नावांत. उन्नीस आणि एकोणीस, पचास आणि पन्नास, डेढ़ आणि दीड, ढाई आणि अडीच. रोज दहा मिनिटं नाणी-नोटा घेऊन हाच खेळ घ्या. त्यात आईला बसवा, हिशेब तिलाही लागतो.

भाषेत कुठं पाय घसरतो

आपल्याला हिंदी येते म्हणून आपलं बोलणं पोचतं, असं धरू नका. कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या घरात हिंदीही दुसरीच भाषा आहे, त्यातून शब्द चकवतात. ‘खाली’ म्हणजे हिंदीत रिकामं. नर्स म्हणते ‘खाली बसा’, बाई गोंधळते. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. ‘मास्तर शिक्षा करतील’ हे ऐकून बाप खूश होतो. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. आणि हिंदी ‘कल’ मागंही जातो, पुढंही, त्यामुळे दवाखान्याची तारीख चुकते. तारखेऐवजी वार सांगा आणि तो बाजाराला बांधा : ‘बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, उपाशीपोटी’. मग त्यांच्याच तोंडून परत वदवून घ्या. ‘समजलं का’ विचारलं तर सगळेच मान हलवतात.

गोळ्यांच्या पाकिटावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढा, खाली जितक्या गोळ्या तितके ठिपके.

मजुरी

इथं स्वयंसेवकानं मालकाचा शत्रू व्हायचं नाही आणि गप्पही बसायचं नाही. काम लागायच्या आधी दर, उचल (आगाऊ घेतलेले पैसे), उचलीची कपात, राहणं-सरपण कुणाचं, परतीचं भाडं कुणाचं, हे मुकादम, मालक आणि कुटुंब समोरासमोर बसवून बोलून घ्या.

दोन सारख्या वह्या, एक मालकाकडे, एक मजुराकडे. रोज संध्याकाळी दोन्हींत एकच नोंद : तारीख, किलो, उचल घेतली असेल तर ती. वेचाईत वाद वजनाचा होतो. गाठोडं काट्याला लावायच्या आधी रिकामं धडपं (कापूस बांधायचं कापड) मोजा आणि ते वजन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. काटा ५६ किलो ५०० ग्रॅम दाखवतो, धडपं दीड किलोचं, म्हणजे कापूस ५५ किलो. दर ८ रुपये ठरला असेल तर ४४० रुपये. ‘अंदाजे तीन किलो कापू’ असं रोज झालं तर वेचणाऱ्याचे दिवसाला १२ रुपये जातात, महिन्याला तीनशेच्या वर. भट्टीवर हजार विटांमागे दर असतो. तिथं फुटक्या विटा आणि पावसानं विरघळलेल्या विटा कुणाच्या माथी, हे आधीच लिहून घ्या.

फवारणीचं काम पहिल्या वर्षी आलेल्या माणसाला देऊ नये, यावर मालकाकडे ठाम आग्रह धरा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. माणसापेक्षा उंच पऱ्हाटी, अंगावर येणारा वारा, उघडं अंग, दोन-तीन औषधांचं मिश्रण, सगळं एकत्र आलं की असं होतं. करावीच लागली तर सकाळी, वाऱ्याकडे पाठ करून, पूर्ण बाह्या, हातमोजे, तोंडावर मास्क, आणि नंतर साबणानं अंघोळ. चक्कर, मळमळ, अंधुक दिसणं, तोंडाला लाळ, यातलं काही दिसलं तर कपडे काढून अंग धुवा आणि औषधाचा डबा किंवा लेबल सोबत घेऊन थेट दवाखाना. डबा पाहिला की डॉक्टरला उपचार ठरवता येतो.

इथंच राहायचं म्हणणाऱ्यांसाठी

पहिल्या हंगामात आधारचा पत्ता बदलायची घाई करू नका. पत्ता बदलून ते घर मार्चमध्ये परत गेलं तर तिकडच्या योजना अडतात. सलग वर्षभर राहिल्यावर विचार करा. राशन कार्ड इथलं काढायचं तर आधी मूळ गावच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, आणि मधल्या काळात धान्य बंद पडू शकतं. म्हणून तोवर जुन्या कार्डावर इथंच धान्य घेत राहणं बरं.

जातीच्या दाखल्याबद्दल खोटी आशा देऊ नका. दुसऱ्या राज्यातून आलेल्या आदिवासी किंवा दलित कुटुंबाचा दाखला मूळ राज्याचाच राहतो. नुसतं इथं राहायला आल्यानं महाराष्ट्राच्या राखीव जागांचा लाभ मिळत नाही. राज्याच्या अधिवास दाखल्याला साधारण १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा मागतात. तो पुरावा आजपासून जमवायला लावा : शाळेच्या पावत्या, लसीची कार्डं, भाड्याच्या कराराच्या प्रती, सगळं त्याच झिपच्या पिशवीत.

देशाबाहेरून आलेल्या माणसाचं प्रकरण वेगळं आहे. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे सगळ्या निर्वासितांना एकच नियम लागू नाही. तिबेट्यांकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं, ते मुदतीत नवं करावं लागतं, नोंदणी जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात होते. परदेशी नागरिकाला घरी ठेवणाऱ्यानं २४ तासांत तशी माहिती द्यावी लागते. कुणी दया म्हणून इथला रहिवासी दाखला मिळवून दिला तर तोच कागद पुढं त्या माणसाला तुरुंगात नेऊ शकतो. आधार असणं म्हणजे नागरिकत्व असणं नव्हे. अशा घराला थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे न्या, वकील फुकट मिळतो, फोन १५१००. आजारी माणसाला आणि पोराला मात्र आधी दवाखान्यात न्या, कागदाचं नंतर.

परत निघताना

हा भाग बहुतेक गावांत राहून जातो, कारण टेम्पो एक दिवस अचानक भरतो. निघायच्या पंधरा दिवस आधी मालकाला तारीख विचारा. त्या आठवड्यात वह्या समोरासमोर ठेवून हिशेब करून घ्या. टेम्पो उभा असताना केलेल्या हिशेबात मजूर नेहमी कमी घेतो. शाळेकडून दाखला आणि शिक्षण हमी कार्ड, अंगणवाडीत नाव वळवण्याची नोंद, आईच्या आणि बाळाच्या कार्डावर शेवटची तारीख, क्षयरोगाच्या गोळ्या आणि निक्षय नंबर, हे सगळं पिशवीत आहे का ते बाईसोबत एकेक काढून बघा. बँकेत किंवा पोस्टात पैसे टाकले असतील तर तिकडच्या गावात ते कुठं काढता येतील ते सांगा.

मग दोन नंबर एका जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अंकांत लिहून द्या, एक आशाताईचा आणि एक मुख्याध्यापकांचा. दसऱ्याच्या आधी त्यातल्या एकाला फोन आला, ‘आम्ही येतोय, पोरगी यंदा पाचवीत’, तर पुढच्या वेळी ड्रम आणि बाज आधीच जागेवर ठेवता येतात.